तिखटासोबत काय प्यावे? थायलंड, खानदेश आणि मोहाच्या दारूचा इतिहास

१. थाई जेवणासोबत कोणती वाइन घ्यावी, हा प्रश्न आज मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत सहज विचारला जातो. उत्तरही जवळजवळ ठरलेले असते : किंचित गोड, कमी मद्यार्काची पांढरी वाइन, जर्मनीची रीस्लिंग किंवा आपल्या नाशिकची शेनिन ब्लाँ. पण तिखट अन्नासोबत काय प्यावे, हा प्रश्न धुळे-नंदुरबारच्या मुलखाला नवा नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचे एक जुने उत्तर होते आणि पुढे ते उत्तर कायद्याने गुन्हा ठरले. हे कसे घडले, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२. आधी प्रश्न समजून घेऊ. तिखटपणा ही चव नव्हे. ती वेदना आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवते. हा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. मद्यार्क याच ग्राहीला अधिक संवेदनशील करतो. म्हणून कडक मद्याने तिखटाची आग वाढते, तर साखर आणि स्निग्धांश ती शमवतात. गोडसर, सौम्य वाइनची शिफारस होते ती याच कारणाने.

३. थाई आणि खानदेशी या दोन्ही ताटांत मिरची परकी आहे. ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि १५११ मध्ये मलाक्का. त्याच वर्षी दुआर्ते फर्नांडिस हा त्यांचा दूत सयामची राजधानी अयुथया येथे पोहोचला. मिरचीने आशियाचा किनारा गाठला तो याच सागरी जाळ्यातून. आज थायलंडची ओळख समजले जाणारे तिखट आणि खानदेशची ओळख समजले जाणारे तिखट, दोन्हींचे वय फार तर पाचशे वर्षांचे आहे.

४. भाषेत याचा पुरावा शिल्लक आहे. थाई भाषेत ‘फ्रिक’ हा शब्द पूर्वी मिऱ्यासाठी होता. मिरची आली, तिने तो शब्द बळकावला आणि बिचाऱ्या मिऱ्याला ‘फ्रिक थाई’, म्हणजे ‘थाई मिरे’, असे वेगळे नाव घ्यावे लागले. मराठीतही ‘मिरची’ हा शब्द ‘मिरे’ या शब्दाच्याच कुळातला. अकबराच्या काळात सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त शाही मुदपाकखान्यातील पाककृती आहेत. त्यांत मिरे आहे, आले आहे. मिरचीचा पत्ता नाही.

५. तरीही मिरची खानदेशात अशी रुजली की आज नंदुरबार ही देशातील मोठ्या मिरची बाजारपेठांपैकी एक मानली जाते. हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचे सडे पडलेले दिसतात. येथील स्वयंपाकाने तिखटावरचा उताराही ताटातच शोधला. भरीतातले शेंगदाणे आणि तेल, काळ्या मसाल्यातले भाजलेले सुके खोबरे, वरण-बट्टीवरचे तूप, कळण्याच्या भाकरीसोबतचा कांदा आणि ताक. थाई स्वयंपाकात हेच काम नारळाचे दूध, ताडगूळ आणि लिंबू करतात. दोन्हीकडे पेय येण्याआधीच ताट बरेचसे सावरलेले असते.

६. मग थायलंडमध्ये लोक जेवताना काय पीत? द्राक्षाची वाइन नक्कीच नव्हे. तेथे तांदळापासून आंबवलेले ‘साथो’ आणि तांदळाचीच गाळलेली ‘लाओ खाओ’, म्हणजे पांढरी दारू, ही गावागावांची पेये होती. दारूसोबत खाण्याच्या तिखट-आंबट पदार्थांना थाई भाषेत ‘काप क्लेम’ असे स्वतंत्र नाव आहे. आपल्याकडे ‘चखणा’ म्हणतात, तशातलाच हा प्रकार. तेथे पेय आधी ठरते आणि पदार्थ त्याच्या जोडीला येतो. थाई जेवणाला वाइन शोधण्याची पद्धत पाश्चात्त्य शहरांतील थाई उपाहारगृहांत वाढली. कारण तेथील गिऱ्हाइकाला जेवणाबरोबर वाइनची सवय होती.

७. खानदेशात मात्र एकच एक ताट नव्हते. तापीकाठच्या काळ्या जमिनीतील शेतकरी कुटुंबांत जेवणासोबत मद्य घेण्याची रीत नव्हती. उत्तरेला सातपुड्यात आणि पश्चिमेला नवापूरच्या रानात भिल्ल, पावरा, मावची, कोकणा या समाजांचे जग वेगळे होते. ज्वारी-मक्याची भाकरी, उडदाची डाळ, मिरचीची चटणी, नदीची मासळी, सणासुदीला कोंबडी किंवा बकरा, आणि या सगळ्यासोबत मोहाची दारू. काही भागांत ताडीही. तिखटासोबत काय प्यावे, याचे खानदेशी उत्तर हेच.

८. मोह हे या मुलखातले फार मोलाचे झाड. फाल्गुन-चैत्रात रात्रभर त्याची फुले गळतात आणि पहाटे झाडाखाली पिवळसर, मांसल, मधुर फुलांचा थर साचतो. तो वेचायला बायका-मुले अंधारातच निघतात. ही फुले वाळवून वर्षभर साठवतात, भाजून खातात, पिठात मिसळून त्यांच्या भाकरी करतात, गुरांना घालतात. बियांचे तेल स्वयंपाकात येते. पीक बुडालेल्या वर्षी घरातली मोहफुले हाच आधार असे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात खानदेशही होरपळला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या आधाराचे मोल कळते. दारू हा या झाडाचा अनेकांपैकी एक उपयोग होता.

९. दारूची कृती साधी. वाळलेली फुले पाण्यात काही दिवस आंबवायची, मातीच्या हंड्यात उकळायची, वाफ नळीतून थंड भांड्यात उतरवायची. पहिल्या धारेची दारू कडक, पुढची सौम्य. मात्र ती एकट्याने बसून पिण्याची वस्तू नव्हती. जन्म, लग्न, मृत्यू, पंचायतीतला निवाडा, पेरणी आणि होळी अशा प्रत्येक प्रसंगी आधी देवाच्या नावाने जमिनीवर धार सोडायची आणि मग सर्वांनी घ्यायची. महाशिवरात्रीच्या सुमारास भरणाऱ्या देवमोगरा मातेच्या यात्रेत, गुजरातच्या हद्दीत, आजही खानदेशातले आदिवासी नव्या धान्यासोबत दारूचा नैवेद्य नेतात.

१०. पेशवाईच्या अस्तानंतर, १८१८ मध्ये, खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याच्याकडे भिल्ल पलटण उभारण्याचे काम आले आणि तिचे ठाणे धरणगाव झाले. ज्यांच्याशी कालपर्यंत चकमकी झडत होत्या, त्यांनाच सरकारी चाकरीत घेण्याचा हा प्रयोग होता. या पिढीतील अधिकाऱ्यांच्या लेखी भिल्लांची दारू ही एक ‘सवय’ होती; खोड म्हणून तिची नोंद होई. तिच्यातून महसूल काढण्याचे गणित पुढच्या पिढीने मांडले.

११. ते गणित म्हणजे १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड हा त्याचा प्रमुख शिल्पकार. घरी किंवा गावात दारू गाळणे बंद झाले. गाळण्याचा हक्क ठरावीक भट्ट्यांना आणि विकण्याचा मक्ता लिलावात बोली लावणाऱ्या ठेकेदाराला मिळाला. ताडाच्या झाडांवर कर बसला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी शेजारच्या दक्षिण गुजरातचा अभ्यास करून दाखवले आहे की रूढीचे गुन्ह्यात रूपांतर झाले ते याच टप्प्यावर. मुंबई इलाख्याच्या तिजोरीसाठी मात्र अबकारी हा उत्पन्नाचा एक मुख्य झरा बनला.

१२. तरीही एक अडचण उरली. झाड रानात, फुले अंगणात आणि हंडा घरोघरी; चोरून गाळणे थांबवायचे कसे? सरकारने फुलावरच बोट ठेवले. १८९२ च्या ‘म्हौरा’ कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध आणले. गरिबाचे अन्न हिरावले जाते, अशी टीका तेव्हाही झाली. खानदेश त्या कायद्याच्या पहिल्या कक्षेत नव्हता. पण एका जंगली फुलाकडे संशयाने पाहण्याची दृष्टी कायद्यात शिरली आणि ती स्वातंत्र्यानंतरही टिकली.

१३. या कायद्यांनी पिणे थांबले नाही. पिण्याचे स्वरूप पालटले. पूर्वी फुले रानातली, कष्ट घरचे, मद्य सणाचे. आता दारू दुकानातली, रोख पैशाची किंवा उधारीची. ठेकेदाराने बोली लावून मक्ता घेतलेला असल्यामुळे खप वाढवणे ही त्याची गरज होती. अनेक ठिकाणी दारूचा दुकानदार आणि सावकार एकच असे. उधारीचा आकडा फुगला की शेत हातचे जाई. देवाला धार सोडून, भाकरी-चटणीसोबत, सर्वांनी मिळून घ्यायचे पेय गुत्त्यावर जाऊन एकट्याने प्यायचे झाले. पेय आणि ताट यांची जोडी मोडायला सुरुवात झाली ती येथे.

१४. सयामची कथा याहून फार वेगळी नाही. १८५५ च्या बाउरिंग तहाने सयामच्या राजाला आयातीवर तीन टक्क्यांपेक्षा जास्त जकात घेता येईनाशी झाली. मग खजिना भरण्यासाठी अफू, जुगार आणि दारू यांच्या मक्त्यांवर भर आला. हे मक्ते बहुधा चिनी व्यापाऱ्यांकडे असत. पुढे सरकारने दारूचे उत्पादन स्वतःच्या ताब्यात घेतले. १९४१ मध्ये बँकॉकच्या सरकारी भट्टीतून ‘मेखोंग’ हे प्रसिद्ध मद्य आले आणि १९५० च्या कायद्याने गावठी गाळणीवरची पकड घट्ट झाली. साहेबाचे राज्य नसतानाही शेतकऱ्याची लाओ खाओ चोरटी ठरली. छोट्या उत्पादकांवरील नियम तेथे २०२२ मध्ये काहीसे सैल झाले.

१५. आता खानदेशच्या कथेतील अवघड वळण. मोहाची दारू सरकारने हिरावली एवढेच म्हणून थांबले, तर ते अर्धसत्य ठरेल. ती आदिवासींनी स्वतःहूनही नाकारली. १९२२ च्या अखेरीस दक्षिण गुजरातेत, खानदेशला लागून असलेल्या टापूत, हजारो आदिवासी एकत्र जमू लागले. अंगात येणाऱ्या देवीची आज्ञा होती : दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारू विकणाऱ्यांकडे कामाला जाऊ नका. शेवटची आज्ञा फार बोलकी आहे. या नकारात धर्म होता, तसाच ठेकेदाराचा हिशेब चुकता करणेही होते.

१६. खानदेशात हा विचार ठसठशीतपणे प्रकट झाला तो तळोदे तालुक्यातील मोरवड-रंजनपूरच्या संत गुलाम महाराजांच्या रूपाने. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या सोमवारच्या आरतीला सातपुड्यातून लोक लोटू लागले. दारू सोडा, स्वच्छ राहा आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा, ही त्यांची शिकवण. ज्यांना गावचा पाटील, सावकार आणि शिपाई अरे-तुरे करीत, त्यांनी परस्परांना आदरार्थी संबोधणे ही साधी गोष्ट नव्हती. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाले. पुढे बंधू रामदास महाराजांनी हे कार्य चालवले. दारूत गमावलेली प्रतिष्ठा दारू सोडून परत मिळवायची, असा हा मार्ग होता.

१७. स्वातंत्र्यानंतर शासनानेही दारूबंदीचाच मार्ग धरला. पण त्याचा अर्थ वेगळा होता. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि १९५० पासून संपूर्ण राज्यात बंदी लागू झाली. या कायद्यात मोहफुलांवरील नियंत्रणाची तरतूदही होती. साठ-सत्तरच्या दशकांत बंदी सैल होत गेली. शहरातील मनुष्याला परवाना मिळू लागला आणि परवान्याचे दुकान दिसू लागले. सातपुड्यातील हंड्याला असा परवाना नव्हता. जो नियम नीतीच्या नावाने सुरू झाला, तो व्यवहारात ‘कोणाची दारू’ या प्रश्नावर येऊन ठेपला.

१८. आणि तरीही, १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहादे तालुक्यात पुन्हा हंडे फुटले. या वेळी फोडणाऱ्या आदिवासी बायका होत्या. गेलेल्या जमिनी आणि शेतमजुरी यांसाठी अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने उभारलेल्या लढ्यातूनच त्या पुढे आल्या. गावोगावी जाऊन त्यांनी दारूची भांडी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. देवाची धार म्हणून जी वस्तू एकेकाळी सर्वांची होती, तिची किंमत घरात बाईच्या अंगावर वसूल होत होती. मोहाच्या दारूविषयी हळहळताना हा इतिहास वगळता येत नाही.

१९. याच राज्याने दुसऱ्या एका मद्याकडे कसे पाहिले? नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळावा, हे त्यामागचे सूत्र. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाही कारण तेच दिले गेले आणि त्यावर मोठा वाद झाला. द्राक्षाचा रस आंबला की तो कृषिउद्योग ठरतो आणि मोहाचे फूल आंबले की गुन्हा, ही विसंगती मात्र त्या वादात फारशी कोणी मांडली नाही.

२०. अलीकडे थोडा बदल दिसतो. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध सैल केले. त्याच वर्षी नर्मदेपलीकडे, मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता देण्याचे धोरण जाहीर केले. नंदुरबारला लागून असलेला अलीराजपूर जिल्हा त्यात पुढे राहिला. गोव्याच्या काजू फेणीला तर २००९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले होते आणि २०१६ मध्ये तिला राज्याचे वारसा पेय ठरवण्यात आले. एके काळी गावठी म्हणून हिणवलेल्या पेयाला प्रतिष्ठा देता येते, याची ही उदाहरणे आहेत.

२१. मग तिखट ताटाची खरी जोडी कोणती? जिभेचे शास्त्र विचारले तर कडक मोहापेक्षा गोडसर, सौम्य वाइन बरी, आणि तिच्याहूनही ताक बरे. पण सातपुड्यातील माणसाने मोह निवडला तो जिभेचे गणित मांडून नव्हे. त्याच्या अंगणात तेच झाड होते, त्याच्या देवाला तीच धार चालत होती, आणि दुष्काळात त्याच फुलाने त्याला जगवले होते. अन्न आणि पेय यांची जोडी आधी भूगोल जुळवतो, मग रूढी. कर आणि कायदा नंतर येतात आणि कोणती जोडी अभिरुची म्हणवली जाईल व कोणती व्यसन, हे ठरवू लागतात.

२२. म्हणून ‘वारसा’ हा शब्द वापरतानाही सावध राहावे लागेल. उद्या खानदेशच्या मोहाची देखणी बाटली महानगरातल्या उपाहारगृहात थाई जेवणाशेजारी मांडली जाऊ शकेल. तेव्हा विचारायचे प्रश्न दोन. पहाटे अंधारात फुले वेचणाऱ्या बाईला त्या बाटलीतून किती मिळाले? आणि ज्या गावांनी गुलाम महाराजांच्या किंवा शहाद्याच्या बायकांच्या मागे जाऊन दारूला नकार दिला, त्या नकाराचा मान राखला गेला का? या दोन्हींची उत्तरे नीट मिळाली, तरच ती बाटली मोहाच्या इतिहासाला न्याय देईल.

थ्रेड समाप्त.